साताऱ्याची गादी परत मिळाली, पण पत्र लिहायला बंदी: मालवण, व्हिएन्ना आणि १८१८ ची गोष्ट

मालवणचा राजकोट अलीकडे सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाला. डिसेंबर २०२३ मध्ये तिथे शिवरायांचा पुतळा उभा राहिला, ऑगस्ट २०२४ मध्ये तो कोसळला, आणि तोवर मालवणकरांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नसलेलं हे नाव प्रत्येकाच्या मोबाइलवर पोचलं. पण हेच नाव दोनशे वर्षांपूर्वीच्या एका करारातही आहे. १ ऑक्टोबर १८१२ रोजी कोल्हापूरचे छत्रपती आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. त्यात सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट हे किल्ले, मालवण बंदरासकट, कंपनीला देऊन टाकल्याचं लिहिलंय.

बदल्यात काय मिळालं? कोल्हापूरच्या गादीला संरक्षणाची हमी. म्हणजे राजा राहील, गादी राहील, वंश राहील. फक्त समुद्र जाईल, आणि यापुढे कुणाशी लढायचं तर आधी कंपनीला विचारावं लागेल.

हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या सहा-सात वर्षांत असाच सौदा दोन खंडांत होणार होता. पॅरिसमध्ये बोर्बन घराणं पुन्हा गादीवर बसवलं गेलं. साताऱ्यात शिवरायांचा वंशज पुन्हा गादीवर बसवला गेला. दोन्हीकडे बसवणाऱ्यांत इंग्रज होते. आणि दोन्हीकडे पुढे जे झालं ते मात्र अगदी वेगळं आहे.

आधी युरोपात काय चाललं होतं?

थोडक्यात सांगायचं तर १७८९ मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली. २१ जानेवारी १७९३ रोजी सोळाव्या लुईचं डोकं गिलोटिनखाली उडवलं गेलं. (त्याच्या तीनच दिवस आधी, १८ जानेवारी १७९३ ला, साताऱ्याच्या राजघराण्यात एक मुलगा जन्मला होता. त्याचं नाव प्रतापसिंह. तो पुढे येतोच.) क्रांतीतून नेपोलियन वर आला, त्याने अर्ध्या युरोपातले राजे हलवले, आपले भाऊ आणि सरदार ठिकठिकाणच्या गाद्यांवर बसवले. १८१४ मध्ये तो हरला.

मग प्रश्न आला, की आता नकाशा पुन्हा कसा काढायचा? त्यासाठी सप्टेंबर १८१४ पासून व्हिएन्नात परिषद भरली. ऑस्ट्रियाचा मेटर्निक, इंग्लंडचा कॅसलरे, रशियाचा झार अलेक्झांडर आणि फ्रान्सचा तालेरां ही तिथली मुख्य मंडळी. ९ जून १८१५ ला अंतिम करार झाला आणि नऊ दिवसांनी वॉटर्लूला नेपोलियन कायमचा संपला.

व्हिएन्नात दोन शब्द सारखे चर्चेत होते. पहिला, गादीचा खरा हक्क. म्हणजे क्रांतीने किंवा नेपोलियनने ज्याची गादी काढून घेतली, त्या मूळ घराण्याला ती परत द्यायची. तालेरांने हाच मुद्दा लावून धरला. अठरावा लुई तर इतका पक्का होता की १८१४ मध्ये त्याने जी सनद काढली तिच्यावर ‘आमच्या कारकिर्दीचं एकोणिसावं वर्ष’ असं लिहिलं. मधली प्रजासत्ताकाची आणि नेपोलियनची वर्षं त्याच्या हिशेबात जणू झालीच नव्हती.

दुसरा शब्द सत्तेचा समतोल. कुठलंही एक राज्य इतकं मोठं होऊ द्यायचं नाही की ते बाकीच्यांना गिळेल. म्हणून हरलेल्या फ्रान्सलाही फार चेपायचं नाही, नाहीतर रशिया आणि प्रशिया डोईजड होतील. हे तोंडदेखलं नव्हतं. जानेवारी १८१५ मध्ये सॅक्सनी आणि पोलंडवरून वाद पेटला तेव्हा इंग्लंड आणि ऑस्ट्रियाने चक्क फ्रान्सला सोबत घेऊन रशिया-प्रशियाविरुद्ध गुप्त करार केला. वर्षभरापूर्वीचा शत्रू आता पारड्यात टाकायचं वजन झाला होता.

व्हिएन्नाच्या अंतिम करारावर सह्या करणाऱ्या राज्यांत पोर्तुगालही होतं. म्हणजे तेरेखोलच्या किल्ल्यावर ज्याचं निशाण होतं तो देश त्या टेबलावर होता. किनाऱ्याने थोडं उत्तरेला असलेल्या सावंतवाडीचं, कोल्हापूरचं, पुण्याचं किंवा साताऱ्याचं तिथे कुणी नावही घेतलं नाही.

पण तिथे बसलेल्या एकाला पुणं चांगलंच माहीत होतं

फेब्रुवारी १८१५ मध्ये कॅसलरेच्या जागी इंग्लंडतर्फे व्हिएन्नात जो माणूस आला तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन. मूळ नाव आर्थर वेलस्ली. वॉटर्लूचा विजेता म्हणून जग त्याला ओळखतं, पण हरलेल्या सत्ताधीशाला पुन्हा गादीवर बसवण्याचा अनुभव त्याने पॅरिसच्या बारा वर्षं आधी पुण्यात घेतला होता.

झालं असं, की ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला दुसऱ्या बाजीरावांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव महाडमार्गे कोकणात उतरले, सुवर्णदुर्गाचा आसरा घेतला आणि शेवटी समुद्रमार्गे वसईला पोचले. तिथे ३१ डिसेंबर १८०२ ला त्यांनी इंग्रजांशी तह केला. कंपनी आपली फौज देऊन त्यांना गादीवर बसवणार, आणि त्या फौजेच्या खर्चासाठी बाजीराव मुलूख तोडून देणार. इतर सत्तांशी बोलणी कंपनीला विचारून. एप्रिल १८०३ मध्ये वेलस्ली घोडदळ घेऊन पुण्यात दाखल झाला आणि मे महिन्यात बाजीराव पुन्हा शनिवारवाड्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरात असईची लढाई झाली.

बारा वर्षांनी हाच माणूस फ्रान्समध्ये काय करत होता बघा. वॉटर्लूनंतर अठरावा लुई दुसऱ्यांदा गादीवर आला. फ्रान्सवर ७० कोटी फ्रँकचा दंड बसला. सरहद्दीवर दीड लाख परकी सैनिक ठेवले गेले, खर्च फ्रान्सच्या माथी, आणि त्या फौजेचा सेनापती वेलिंग्टन. राजा तुमचाच, पण त्याच्या मागे उभी असलेली तलवार आमची, आणि तिचा पगारही तुम्हीच द्यायचा. वसईचा तह वाचलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल.

मला इथे ‘इंग्रजांनी भारतातला प्रयोग युरोपात नेला’ असा मोठा दावा करायचा नाही. दोन्हीकडची परिस्थिती वेगळी होती. पण साधनं तीच होती हे खरं.

कोकण किनाऱ्यावरचा तराजू

समतोल हा प्रकार युरोपाचाच शोध होता असं समजू नका. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अठराव्या शतकात तो रोजचा धंदा होता.

१७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या छत्रपतींच्या दोन गाद्यांमध्ये वाटणी झाली आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरकडे गेला. उत्तरेला विजयदुर्ग आधी आंग्र्यांकडे होता. १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांना संपवलं आणि तो पेशव्यांकडे आला. तिथे त्यांचं आरमार धुळपांच्या हाताखाली असे. कर्ली नदीच्या दक्षिणेला सावंतवाडीचे सावंत भोसले, त्यांच्याकडे निवती, वेंगुर्लं, रेडीचा यशवंतगड. आणि त्याखाली पोर्तुगीज, ज्यांनी १७४६ मध्ये तेरेखोल सावंतांकडूनच घेतला होता.

म्हणजे विजयदुर्गापासून तेरेखोलपर्यंत, आज गाडीने एका दिवसात आरामात होईल एवढ्या पट्ट्यात, चार निशाणं. आणि पाचवे इंग्रज, मुंबईहून गलबतं घेऊन येणारे.

ह्यातला कुणीच दुसऱ्याला पूर्ण संपवू शकत नव्हता. कोल्हापूरने सावंतवाडीवर चाल केली की सावंत गोव्याकडे बघत. ही मदत फुकट नसे. १७८८ मध्ये कोल्हापूरविरुद्ध मदत हवी म्हणून खेम सावंतांनी पेडणं पोर्तुगिजांना दिलं. आज गोव्याच्या उत्तर टोकाला असलेला पेडणे तालुका गोव्यात का आहे, याचं उत्तर त्या व्यवहारात आहे. सावंतांचं दुसरं वजन ग्वाल्हेरला होतं. खेम सावंतांची राणी लक्ष्मीबाई ही जयाप्पा शिंद्यांची मुलगी, म्हणजे महादजींची पुतणी. ह्याच नात्याच्या जोरावर दिल्लीच्या बादशहाकडून ‘राजेबहादूर’ हा किताब आला आणि कोल्हापूरकरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. गादीचा खरा हक्क, मान कुणाचा मोठा, हे वाद व्हिएन्नाआधीच आपल्याकडे जोरात होते.

इंग्रज या तराजूत हळूहळू उतरले. १७६५ मध्ये त्यांनी सिंधुदुर्ग जिंकला आणि त्याला नाव दिलं फोर्ट ऑगस्टस. यशवंतगडही घेतला. पण किल्ला सांभाळायचा खर्च परवडेना, म्हणून पुढच्या वर्षी मोठी रक्कम घेऊन सिंधुदुर्ग कोल्हापूरला परत केला. सावंतांचा किल्लाही परत केला, पण वेंगुर्लं गहाण ठेवून घेतलं, तेही १३ वर्षांसाठी. मुदत संपली तरी सोडेनात, तेव्हा १७८० मध्ये सावंतांनी हल्ला करून ते परत घेतलं.

तेव्हाचे इंग्रज हे असे होते. पाचातले एक. किल्ला घ्यायचा, हिशेब करायचा, विकायचा.

१८१२ पर्यंत हे चित्र पालटलं. नेपोलियनशी लढाई चालू असताना इंग्रजांची फौज गोव्यातही येऊन बसली होती, फ्रेंच तिथे उतरतील या भीतीने. पोर्तुगीज हे वजन तिथेच हलकं झालं. पेशवे वसईच्या तहाने बांधलेले. शिंदे १८०३ मध्ये हरलेले. सावंतवाडीत १८०३ साली खेम सावंत वारले, मुलगा नाही, मागे चार राण्या. दत्तक घेतलेल्या मुलाचा १८०७ मध्ये खून झाला. कोल्हापूर पेशव्यांच्या सरदारांशी आणि निपाणकरांशी लढून थकलेलं, चिकोडी-मनोळीचा वाद गळ्याशी आलेला.

अशा वेळी पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मध्यस्थ म्हणून पुढे आला. निकाल वर सांगितलाच. कोल्हापूरने मालवण दिलं आणि चिकोडी-मनोळीवरचा हक्क सोडला. सावंतवाडीने त्याच वर्षी वेंगुर्लं दिलं. दोघांच्या गाद्या शाबूत. दोघेही कंपनीच्या छत्राखाली.

कारण म्हणून चाचेगिरीचं नाव पुढे केलं गेलं, आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून व्यापारी गलबतं लुटली जात हे खोटं नव्हतं. पण बंदरं गेल्यावर या दोन्ही राज्यांना बाहेरून मदत मागवायचा रस्ताच उरला नाही, हेही तितकंच खरं. तराजूत पाच वजनं होती. आता तराजूच एकाच्या हातात आला.

साताऱ्यात भगवा पुन्हा कसा चढला?

प्रतापसिंह १८०८ मध्ये, पंधराव्या वर्षी, छत्रपती झाले. पण साताऱ्याचे छत्रपती तोवर नावापुरतेच राहिले होते. नव्या पेशव्याला पदाची वस्त्रं छत्रपतींच्या हातून घ्यावी लागत, ती पद्धत चालू होती. मात्र त्याच छत्रपतींवर पेशव्यांचा पहारा असे.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि बाजीराव पुणं सोडून पळाले. इंग्रजांच्या हाती पडू नयेत म्हणून छत्रपतींना आणि त्यांच्या घरच्यांना आधी वासोट्यावर ठेवलं, मग आपल्या छावणीबरोबर नेलं.

एल्फिन्स्टनपुढे प्रश्न होता तो असा. पेशवाई तर बुडवायची आहे, पण तिच्यासाठी लढणारे मराठे सरदार, शिलेदार, गडकरी यांचं काय करायचं? गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने त्याला मोकळीक दिली होती: छत्रपतींना एखादी जहागीर द्या, नाहीतर छोटं राज्य द्या. एल्फिन्स्टनने राज्याचा पर्याय निवडला.

फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्याचा किल्ला पडला. आधी इंग्रजांचं निशाण चढलं, मग ते उतरवून छत्रपतींचा भगवा चढवला. ११ फेब्रुवारीच्या जाहीरनाम्यात एल्फिन्स्टनने सांगितलं की बाजीरावाचं राज्य संपलं, आणि साताऱ्याच्या महाराजांना सोडवून त्यांना त्यांच्या मानमरातबाला साजेसं राज्य दिलं जाईल. हा जाहीरनामा निघाला तेव्हा महाराज अजून बाजीरावांच्याच छावणीत होते! २० फेब्रुवारीला अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि महाराज इंग्रजांकडे आले. एप्रिलमध्ये ते साताऱ्यात गादीवर बसले.

युक्तिवाद ओळखीचा वाटतोय का? पेशवा हा नोकर, त्याने धन्याची सत्ता बळकावली. आम्ही खऱ्या धन्याला त्याची गादी परत देतोय. तालेरांने व्हिएन्नात हेच बोलून बोर्बनांची बाजू मांडली होती. एल्फिन्स्टनला तालेरांकडून शिकायची गरज नव्हती. पेशव्यांच्या वस्त्रांची पद्धत हाच त्याचा पुरावा होता. आणि तो लागू पडला. छत्रपती दुसऱ्या बाजूला गेल्यावर बाजीरावांसाठी लढायचं कशाला, असा प्रश्न अनेक सरदारांपुढे उभा राहिला. जूनमध्ये बाजीराव शरण आले आणि वर्षाला आठ लाखांच्या पेन्शनवर बिठूरला गेले.

राज्य किती मिळालं? उत्तरेला नीरा-भीमा, दक्षिणेला वारणा-कृष्णा, पूर्वेला पंढरपूर-विजापूरकडचा भाग, आणि पश्चिमेला सह्याद्री. हद्द सह्याद्रीवर संपते. ज्या राजाने मालवणच्या खडकावर सिंधुदुर्ग बांधला, त्याच्या गादीला परत मिळालेल्या राज्यात समुद्रकिनाऱ्याचा एक कोसही नव्हता. विजयदुर्गासह पेशव्यांचं कोकण कंपनीने स्वतःकडे ठेवलं. फेब्रुवारी १८१९ मध्ये निवती आणि यशवंतगड घेतले आणि सावंतवाडीशी नवा तह केला. अल्पवयीन खेम सावंत गादीवर कायम, राज्य कंपनीच्या वर्चस्वाखाली, आणि कर्लीपासून पोर्तुगीज हद्दीपर्यंतचा किनारा कंपनीला. १८१२ चं सूत्र पुन्हा एकदा.

पाचवं कलम

२५ सप्टेंबर १८१९ ला साताऱ्याशी तह झाला. त्यातलं पाचवं कलम म्हणजे ह्या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे.

कलमाचा आशय असा: महाराजांनी कुठल्याही परक्या सत्तेशी, आणि आपल्या राज्याबाहेरच्या कुठल्याही सरदाराशी, जहागीरदाराशी, माणसाशी संबंध ठेवायचा नाही. काही काम निघालंच तर ते कंपनीच्या पोलिटिकल एजंटमार्फत. सोयरिकीसाठी बाहेर पत्र पाठवायचं असेल तर तेही एजंटच्याच हातून. आणि हे कलम मोडलं तर तहाने मिळालेलं सगळं जाईल.

म्हणजे मुलीसाठी स्थळ बघायचं तरी आधी साहेबाला सांगायचं.

आता हे फ्रान्सशी ताडून बघा. १८१८ च्या शरद ऋतूत आखेन शहरात युरोपातल्या मोठ्या सत्ता पुन्हा भेटल्या. फ्रान्सने दंड फेडत आणला होता, म्हणून वेलिंग्टनची फौज मुदतीआधीच मागे घेतली गेली आणि फ्रान्सला मोठ्या सत्तांच्या पंक्तीत बसवलं गेलं. त्याच वर्षी सातारा पुन्हा उभा राहिला आणि पुढच्या वर्षी त्याचं तोंड बंद केलं गेलं.

फरक का? माझ्या मते उत्तर साधं आहे. युरोपात फ्रान्सची गरज होती. रशियासमोर ठेवायला ते वजन लागत होतं. भारतात १८१८ नंतर पंजाब सोडला तर कंपनीसमोर वजन टाकू शकेल असं कुणी उरलंच नव्हतं. सातारा उभा केला तो पेशव्यांच्या आठवणीसमोर ठेवायला. आठवण फिकी झाली की त्याचं काम संपणार होतं. (त्यातही एक इशारा आधीच मिळाला होता. १८१४ च्या पॅरिसच्या तहाने पाँडिचेरी आणि माहे फ्रान्सला परत मिळाले, पण तिथे तटबंदी करायची नाही आणि पोलिसांपुरतेच शिपाई ठेवायचे, या अटीवर. फ्रान्स पॅरिसमध्ये सत्ता होतं. पाँडिचेरीत दुकान.)

शिकणारा राजा

साताऱ्यात एजंट म्हणून आला जेम्स ग्रँट. हाच पुढे ग्रँट डफ या नावाने मराठ्यांचा इतिहास लिहिणारा. तेव्हा तो तिशीच्या आतला आणि महाराज पंचविशीतले. पहिली काही वर्षं कारभार ग्रँटच्या हाती होता. एप्रिल १८२२ मध्ये तो महाराजांकडे आला.

प्रतापसिंहांनी ते राज्य मनापासून चालवलं. साताऱ्यात पाठशाळा काढली, छापखाना आणला, ग्रंथ जमवले, यवतेश्वरच्या बाजूने शहराला पाणी आणलं, महाबळेश्वरपर्यंत रस्ता केला. १८२९ मध्ये महाबळेश्वरची जागा त्यांनी इंग्रजांना दिली आणि बदल्यात वाईजवळचं खंडाळा गाव घेतलं. तिथेच माल्कम पेठ उभी राहिली.

अडचण इथेच झाली. कंपनीला राजा हवा होता, राज्यकर्ता नको होता. १८३० च्या दशकात जहागीरदारांवर हक्क कुणाचा यावरून महाराज आणि मुंबई सरकार यांच्यात वाद पेटला. तहाचा अर्थ आपल्या बाजूने आहे हे महाराज कागद दाखवून मांडत राहिले. अठराव्या लुईलाही स्वतःच्या सनदेच्या चौकटीत राहावं लागलं, पण त्या चौकटीवर वाद घालायला त्याच्याकडे पार्लमेंट होतं, मंत्री होते, लंडन-व्हिएन्नात वकील होते. प्रतापसिंहांच्या हातात एजंटला द्यायचा अर्ज होता.

गोव्याची पत्रं

मग आरोप आले. एक, साताऱ्यातल्या २३ व्या पलटणीतल्या देशी अधिकाऱ्यांना फितवायचा प्रयत्न केला. दोन, नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशी संधान बांधलं. तीन, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरशी कित्येक वर्षं पत्रव्यवहार करून इंग्रजांविरुद्ध मदत मागितली.

तिसरा आरोप मला सगळ्यात बोलका वाटतो. सावंतवाडीचे सावंत शंभर वर्षं जे उघडपणे करत आले, म्हणजे एका शेजाऱ्याचा दाब आला की दुसऱ्याकडे माणूस पाठवायचा, तो आता राजद्रोह झाला होता. आणि १८३० च्या दशकातलं गोवं साताऱ्याला कसली मदत करणार? पोर्तुगाल स्वतः घरच्या यादवीतून नुकतं बाहेर पडत होतं. महाराज शेवटपर्यंत आरोप नाकारत राहिले, आणि पुराव्याचे कागद खरे की बनावट यावर पुढे लंडनमध्ये खूप शाई सांडली. त्यांना आपल्या बाजूने साक्षीदार तपासायची रीतसर चौकशी मिळाली नाही.

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्याला आला. त्याने पर्याय ठेवला: चूक कबूल केल्याच्या कागदावर सही करा, गादी राहील. महाराजांनी नकार दिला. गादी गेली तरी चालेल, पण न केलेल्या गुन्ह्याची कबुली देणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला रात्री त्यांना वाड्यातून बाहेर काढलं, धाकटे भाऊ शहाजी यांना गादीवर बसवलं आणि प्रतापसिंहांची रवानगी काशीला केली. १४ ऑक्टोबर १८४७ ला ते तिथेच वारले.

त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तब्बल चौदा वर्षं तिथे राहिले. कंपनीच्या भागधारकांसमोर बोलले, पत्रकं छापली. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये जोसेफ ह्यूमसारख्या सदस्यांनी हा प्रश्न उचलला. काही हाती लागलं नाही. एप्रिल १८४८ मध्ये शहाजी महाराज वारले. त्यांनी दत्तक घेतला होता, पण डलहौसीने तो मानला नाही आणि राज्य खालसा केलं. जिथे गादीचा खरा हक्क हा १८१८ चा सगळा युक्तिवाद होता, तिथे तीस वर्षांत वारसच नाही असं ठरलं. रंगो बापूजी १८५३ मध्ये परतले. १८५७ मध्ये साताऱ्यातल्या कटात त्यांचा मुलगा सीताराम फासावर गेला आणि रंगो बापूजी जे नाहीसे झाले ते इंग्रजांना कधीच सापडले नाहीत.

बोर्बनांचं काय झालं? त्यांची गादी तर साताऱ्याच्याही आधी गेली. दहाव्या चार्ल्सने वर्तमानपत्रांवर बंधनं घातली, मतदारांचे हक्क कापले, आणि जुलै १८३० मध्ये पॅरिसच्या लोकांनी तीन दिवसांत त्याला पळवून लावलं. फरक एवढाच, की त्याला त्याच्याच लोकांनी काढलं.

मागे उरला तो नकाशा

कोकणात मात्र १८१२ आणि १८१९ चे कागद दीर्घायुषी ठरले. सावंतवाडीचा कारभार इंग्रजांनी १८३८ मध्ये आपल्या हाती घेतला. १८४४-४५ मध्ये कोल्हापूरकडून पेटलेलं गडकऱ्यांचं बंड इकडे उतरलं, फोंड सावंत तांबुळकर त्यात होते, सावंतवाडीचा तरुण वारसही बंडात सामील झाला. मनोहरगड पडल्यावर बंडवाले कुठे गेले? गोव्यात. जुनी वाट अजून बुजली नव्हती.

तरी गादी राहिली. सावंतवाडी १९४८ पर्यंत संस्थान होतं, कोल्हापूर १ मार्च १९४९ पर्यंत. आणि त्या दोन तहांनी तोडलेला किनारा, म्हणजे मालवण आणि वेंगुर्लं, ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यात राहिला. कर्ली नदीच्या एका काठाला कलेक्टर, आत थोडं गेलं की कुडाळपासून राजेबहादूरांचं राज्य. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा झाला तेव्हा हे दोन्ही तुकडे एकत्र आले. कुडाळ-सावंतवाडीकडची जुनी माणसं अजूनही बोलताना ‘संस्थानात असताना’ असं म्हणतात. मालवणात ते ऐकू येत नाही. मालवण संस्थानात नव्हतं. ते १८१२ मध्येच, राजकोट, सर्जेकोट, पद्मगड आणि सिंधुदुर्गासकट, कंपनीकडे गेलं होतं.